दहा किलो

एकोणीस वर्षं मी त्याचा श्वास हातात धरला.
अंगठ्याएवढी जाड रबरी नळी,
होडीच्या काठावरून खाली आरिआकेच्या गढूळ पाण्यात,
आणि तिच्या टोकाला, पितळी टोपात, तेत्सुजी,
चिखल चाचपत शिंपले उपसणारा.
खाली डोळ्यांचा उपयोग नाही, म्हणायचा,
मिटले तरी तेवढंच दिसतं.
मी वर. नळीला पीळ पडू द्यायचा नाही,
ताण बसू द्यायचा नाही, सैलही सोडायची नाही.
दोरीला एक हिसका : ठीक आहे.
दोन : टोपली ओढ.
तीन : थांब.
तीन आम्ही कधी वापरले नाहीत.

वर येताना मध्ये थांबायचं असतं,
रक्तात मुरलेली हवा सावकाश बाहेर पडू द्यायची,
नाहीतर ती फेसाळते, सोड्याच्या बाटलीसारखी.
हे त्याला ठाऊक होतं. मलाही.
पण लिलाव साडेतीनला,
हिवाळ्याचे दिवस आखूड,
आणि काझुहाच्या शाळेची फी.
कितीदा मीच लवकर ओढून घेतलं त्याला,
ते डॉक्टरांच्या कागदावर लिहिलेलं नाही.

दुखणं जांघेत सुरू झालं, होडीत चढताना.
लचकलं असेल, म्हणाला.
वर्षभर लचकलेलंच होतं.
मग फुकुओकाच्या इस्पितळात, काळ्या फिल्मवर,
खुब्यात बसणारा मांडीच्या हाडाचा गोळा,
आणि त्याचा वरचा-पुढचा तुकडा मेलेला.
हाड मरतं?
मला वाटायचं, सगळं मेल्यावर जे उरतं ते हाड.

नागाफुचीबाई वयाने लहान, नखं अगदी मुळाशी कापलेली.
आम्ही नेलेल्या पिशवीतलं एक संत्रं त्यांनी उचललं,
अंगठ्याने एका जागी दाबून खड्डा पाडला,
आणि फिरवलं. खड्डा खाली, घट्ट साल वर.
"आता वजन या बाजूवर येईल."
बाजारात डागाळलेलं फळ आम्हीही असंच मांडतो.
मी बोलले नाही, पण त्याला हसू आलं.
"धातूचा सांधा नंतर कधीही बसवता येतो.
एकेचाळिसाव्या वर्षी नको.
तुमचंच हाड आधी वाचवून पाहू.
टिकेलच, असं मात्र मी म्हणणार नाही."

मग त्या म्हणाल्या, मागच्या बाजूने एक रक्तवाहिनी जाते,
दोऱ्याएवढी बारीक.
गोळा फिरवताना तिला पीळ पडला, ताण बसला,
तर आज जिवंत आहे तेही जाईल.

तेत्सुजीने माझ्याकडे पाहिलं.
मी विचारलं, ती कोण धरतं?
"म्हणजे?"
गोळा फिरत असताना. ती नळी कोणाच्या हातात असते?
त्या जरा थांबल्या.
"माझ्या."
मी पुन्हा त्यांची नखं पाहिली.
म्हटलं, सैलही सोडू नका.

पाच तास.
बाहेर कॉफीच्या मशीनची घरघर, अगदी कॉम्प्रेसरसारखी,
आणि मांडीवर माझ्या रिकाम्या मुठी,
उघडायच्या, मिटायच्या, उघडायच्या.

आता नववा आठवडा.
न्हाणीघराबाहेर वजनकाटा ठेवलाय.
त्या पायावर दहा किलो, त्याहून जास्त नाही,
असं रोज वीस वेळा.
त्याने कुबड्या बगलेत घट्ट धरलेल्या,
आणि मी खाली वाकून आकडे वाचतेय,
पूर्वी खोली वाचायचे तशी.
चार. सात.
खिडकीबाहेर ओहोटी, होड्या चिखलात कलंडलेल्या.
नऊ.

मी लवकर ओढायचे तुला, मी काट्याकडे बघतच म्हणते.
तो काही बोलत नाही.
दोरी माझ्याही हातात असायची, म्हणतो मग,
आणि काटा साडेबाराला जातो.
कमी कर, मी ओरडते. सावकाश.
दहा.
मार्चमध्ये पुन्हा फिल्म काढतील.
माझ्या बाहीला एक हिसका बसतो.